ताऱ्यामागचा आकडा

तैसिया प्लातोनोव्नाच्या हातून चूक होत नाही, हे पोदोल्स्कच्या लष्करी दफ्तरखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक नसेल त्यांना ती स्वतः सांगायची. वाचनखोलीत खिडकीजवळची खुर्ची तिची. तिथं दुसरं कुणी बसलेलं दिसलं तर ती तोंडातून शब्द काढायची नाही, नुसती शेजारी येऊन उभी राहायची, आणि बघता बघता तो माणूस आपले कागद गोळा करून पसार व्हायचा. उभी हयात तिनं शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त झाली ती थेट मेलेल्या सैनिकांच्या मागे लागली. कुणी आजोबांच्या कपाटात सापडलेलं पदक घेऊन यायचं, कुणाला चुलत्यानं नेमका काय पराक्रम केला ते हवं असायचं. युद्धात दिलेल्या प्रत्येक लाल तारा पदकाच्या पाठीवर एक आकडा कोरलेला असतो, आणि ते ज्याला मिळालं त्याच्या नावाचं कार्ड दफ्तरखान्यात असतं. आता कार्डं लावलेली असतात नावांनी, आकड्यांनी नव्हे. तेव्हा आजूबाजूच्या आकड्यांवरून, तो तारा ज्या पेटीतून आला ती पेटी कुठल्या पलटणीला गेली असेल ते ताडायचं, त्या पलटणीचा पदकांचा हुकूम शोधायचा, आणि हुकुमातल्या एकेकाचं कार्ड काढून बघायचं. भल्याभल्यांनी यात हात टेकले होते. तैसिया मात्र आकडा हातात पडला की खूश व्हायची.

त्या वसंतात जाखारचा फोन आला. जाखार म्हणजे स्मोलेन्स्ककडच्या शोधपथकाचा म्होरक्या. बर्फ वितळलं की हे लोक फावडी घेऊन दलदलीत उतरतात आणि युद्धात तिथंच राहून गेलेल्या सैनिकांची हाडं वर काढतात. आडदांड माणूस, पण तैसियासमोर शाळकरी पोरासारखा वागायचा. तो म्हणाला की एका खड्ड्यात एकच सैनिक सापडलाय, अख्खाच्या अख्खा, नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवायची डबी रिकामी, पण छातीवर लाल तारा आहे. त्यानं आकडा सांगितला. तैसियानं शोध घेतला आणि त्याला उत्तर कळवलं: सैनिक निकान्द्र रोगोव, सुरुंग काढणाऱ्या तुकडीतला, गाव बेलारूसमधलं, जर्मनांनी जाळलेलं, वारस कुणी सापडत नाही.

"नक्की ना, मावशी?" जाखारनं विचारलं होतं. "दगडावर कोरायचंय."

"आकडा खोटं बोलत नाही," तैसिया म्हणाली होती. हे तिचं ठरलेलं वाक्य.

जाखारनं दगड सांगितला, सप्टेंबरमधली दफनाची तारीख ठरली, आणि तिकडच्या वर्तमानपत्रात तैसियाच्या नावानिशी बातमीही आली, ती इंटरनेटवर सगळीकडे फिरली.

जूनमध्ये एका सकाळी तैसियाच्या दाराची घंटा वाजली. दारात एक उंच, रुंद हाडाची बाई, साठी ओलांडलेली, हातात बाजाराची पिशवी.

"माझ्या वडिलांना मारणाऱ्या तैसिया प्लातोनोव्ना तुम्हीच का?" बाईनं विचारलं.

तैसियानं तिला आत घेतलं, कारण अशा माणसाला दारात ठेवून भागत नाही. बाईचं नाव ग्लाफिरा निकान्द्रोव्ना, आडनाव रोगोवा, वोल्गाकाठच्या एका लहान गावाहून रात्रभर प्रवास करून आलेली. तिचं म्हणणं सरळ होतं. तिचे वडील निकान्द्र रोगोव युद्धावरून धडधाकट परत आले, बोटींच्या कारखान्यात कामाला लागले, तिथंच लग्न केलं, आणि एक्याऐंशी साली आपल्या पलंगावर वारले. डोळे तिनं स्वतः मिटवले. आणि आता वर्तमानपत्र म्हणतं की ते त्रेचाळीस सालापासून दलदलीत पडलेत.

तैसियानं शांतपणे एकेक विचारलं. जन्मसाल? तेच. आजोबांचं नाव? तेच. मूळ गाव? तेच, जळलेलं. तुकडी? तीच. एका नावाची दोन माणसं असतील ही शक्यता गेली. मग तैसियाच्या जिभेवर जे आलं ते तिनं बोलून टाकलं. जिभेला हाड नव्हतंच तिच्या.

"मग तुमच्या घरी जो वारला, तो कोण होता?"

ग्लाफिरा खुर्चीत मागे रेलली. म्हणाली, "हेच सगळं गाव विचारतंय." बातमी आल्यावर गावातल्या वीरांच्या भिंतीवरून वडिलांचा फोटो काढून ठेवला होता, म्हणे खुलासा होईपर्यंत. शेजारीण, जिच्याबरोबर तिनं चाळीस वर्षं काकड्या खारवल्या, ती आता दुकानात भेटली की पावाच्या फळीकडे बघत उभी राहते. मेलेल्या सैनिकाचे कागद खिशात घालून कुणी भलताच माणूस परत आला, असं लोक बोलत होते. आणि बोलायला जागा होती, कारण गावच जळलेलं, निकान्द्रला लहानपणापासून ओळखणारं कुणी उरलंच नव्हतं. कुणी म्हणालं, रक्त तपासून घ्या. तैसिया म्हणाली की त्याचा काडीचा उपयोग नाही. हाडांशी तुमचं रक्त जुळलं नाही तर एवढंच ठरेल की तो सैनिक तुमचा बाप नव्हे, आणि ते तर लोक आधीच म्हणतायत.

मग ग्लाफिरानं पिशवीतून रुमाल काढला, आणि रुमालातून लाल तारा.

"हा वडिलांचा. पदकाबरोबरची पुस्तिका होती ती ओल लागून कधीच गेली. हा त्यांनी आयुष्यात छातीवर लावला नाही. विजयदिनाला सगळे गडी पदकं लावून मिरवायचे, आणि माझे वडील नुसत्या कोटात. आई चिडायची. ते म्हणायचे, माझा नाही तो. ज्याचा आहे तो मागायला येईल. मी लहान होते, मला वाटायचं पोलीस येणार."

तैसियानं तारा उलटा केला, चष्मा वर सरकवला, आकडा वाचला. हाडांवर सापडलेल्या ताऱ्याच्या अगदी जवळचा आकडा होता तो, त्याच पेटीतला.

ग्लाफिराला तिनं ठेवून घेतलं, सोफ्यावर अंथरूण घातलं, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. हुकूम हाताशी होताच. हुकुमाच्या दिवशी त्या तुकडीत सहा जणांना लाल तारा मिळाला होता. सहाही कार्डं तिनं समोर मांडली. ग्लाफिराच्या रुमालातला तारा साव्वा द्रोनोव नावाच्या सैनिकाचा निघाला. आणि सहा जणांत एकटा साव्वा द्रोनोव पदक मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बेपत्ता झाला होता.

संध्याकाळी घरी येताना ट्रॉलीबसमध्ये तैसियाला सारखं वाटत होतं की घरी जाऊच नये. सगळं जुळत होतं, आणि जुळत होतं ते फार वाईट. रोगोव मेला. द्रोनोवनं त्याचे कागद घेतले, द्रोनोव म्हणून बेपत्ता झाला आणि रोगोव म्हणून जगला. पण गोड बोलून कुणाला झुलवणं तिला कधी जमलं नव्हतं. बटाटे सोलता सोलता तिनं ग्लाफिराला जे दिसलं ते सांगितलं.

ग्लाफिरा रडली नाही. म्हणाली, "माझ्या वडिलांना पत्त्यांतसुद्धा फसवता येत नव्हतं. पान लपवलं की कान लाल व्हायचे. माझा सहा वर्षांचा भाचा त्यांना हरवायचा. असा माणूस बायकोपाशी, पोरीपाशी, मरेपर्यंत दुसऱ्याचं नाव लावून राहील? तुम्ही आकड्यांच्या माणूस. तुम्हीच सांगा."

"कान लाल होणं हा पुरावा नाही," तैसिया म्हणाली.

पण बटाटा तिच्या हातात तसाच राहिला. काहीतरी खुपत होतं, आणि गणितात असं खुपायला लागलं की उत्तर चुकलेलं असतं हे तिला चांगलं माहीत होतं. समजा, द्रोनोव रोगोव बनून बसला. मग ज्या एका वस्तूवरून त्याचं खरं नाव निघू शकतं, तीच तो कपाटात जपून ठेवील? घरामागे वोल्गा वाहतेय. पहिल्या दिवशीच नदीत भिरकावून मोकळा झाला असता. आणि चोरून घ्यायचंच होतं तर रोगोवच्या छातीवरचा तारा घेतला असता, म्हणजे नाव आणि आकडा दोन्ही जुळले असते. तो तर तिथंच हाडांवर राहिला. इतका मूर्ख तोतया जगात नसेल.

"ग्लाफिरा निकान्द्रोव्ना," तिनं विचारलं, "तारा मिळाला त्या दिवसाबद्दल वडील कधी काही बोलले होते?"

"फारसं नाही. दोन घोट पोटात गेले की एकच गोष्ट सांगायचे. म्हणे स्वयंपाकाची गाडी मागे राहिली होती, पेले नव्हते, भांडी नव्हती, सगळ्यांत मिळून पत्र्याचा एक डबा. त्या एका डब्यात सगळ्यांचं धुणं झालं. इथवर हसत हसत सांगायचे, आणि मग उठून बाहेर निघून जायचे. पुढं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही."

तैसियानं सुरी खाली ठेवली आणि कपाळावर हात मारून घेतला.

पदक धुतल्याशिवाय छातीवर लावायचं नसतं, हे काय तिला कुणी सांगायला हवं होतं? तिचा नवरा, देव त्याला शांती देवो, फौजेत होता. त्याची प्रत्येक बढती त्याच स्वयंपाकघरात धुतली गेली होती. पेल्यात पदक टाकायचं, वरून व्होदका ओतायची, तळापर्यंत पिऊन टाकायची आणि पदक दातांनी उचलून बाहेर काढायचं. पेला ज्याचा त्याचा. पण पेले नसले तर? सहा तारे एकाच डब्यात पडले. डबा सहा जणांत फिरला. शेवटी तळाशी सहा सारखे तारे उरले, आणि ज्याच्या हाताला जो लागला तो त्यानं छातीवर अडकवला. उलटा करून पाठ कोण बघतो? ताऱ्याची पाठ छातीकडे असते. दुसऱ्या दिवशी साव्वा द्रोनोव गेला तो निकान्द्रचा तारा लावून. आणि पुढं कधीतरी एखाद्या कारकुनानं निकान्द्रला म्हटलं असणार की अरे, तुझा आकडा जुळत नाही. तेव्हा त्याला कळलं की आपल्या छातीवर कुणाचा तारा आहे. बेपत्ता माणूस म्हणजे मेलेला नव्हे. येईल, मागेल, तेव्हा देऊ. म्हणून ठेवला. खरं तेच सांगत होता बिचारा आयुष्यभर, माझा नाही तो म्हणून.

हे सगळं तैसियानं ग्लाफिराला सांगितलं तेव्हा ग्लाफिरानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आणि तैसियाला स्वतःचा असा काही राग आला की तिनं बटाट्यांचं पातेलं उगाचच आदळलं. दोन महिन्यांपूर्वी तिनं आकडा वाचला आणि माणूस ओळखला म्हणून मोकळी झाली. हुकुमातल्या बाकीच्या पाच जणांकडे ढुंकून पाहिलं नाही, पुढं कोण कुठं बेपत्ता झालं ते तपासलं नाही. शाळेत एखाद्या पोरीनं असं अर्धवट उदाहरण सोडवलं असतं तर तिनं पान फाडून हातात दिलं असतं.

पण डब्याची गोष्ट कुणी दगडावर कोरत नाही. पक्का पुरावा हवा होता.

"वडिलांच्या अंगावर काही खूण?"

"डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. युद्धात गेली."

"युद्धात कधी?"

ते ग्लाफिराला माहीत नव्हतं. तैसियानं मात्र तिथल्या तिथं जाखारला फोन लावला. जाखारकडे प्रत्येक सैनिकाचे फोटो असतात, पांढऱ्या चादरीवर हाडन् हाड मांडलेले. त्यानं पाहून सांगितलं की डावा हात चिखलात मुठीसारखा राहिला होता, बोटं पाचही आहेत, सांधान् सांधा. म्हणजे आता एकच प्रश्न उरला. निकान्द्र रोगोवची बोटं तारा मिळण्याच्या आधी गेली असतील, तर दलदलीतला तो नव्हे आणि घरी आलेला तोच. नंतर गेली असतील, तर काहीच सिद्ध होत नाही. युद्धातल्या इस्पितळांचे कागद पीटर्सबर्गला असतात. तैसियानं अर्ज धाडला.

जुलै गेला. ऑगस्ट आला. जाखार दर आठवड्याला विचारायचा, मावशी, दगडाचं काय करू, आणि तैसिया म्हणायची, हात लावू नकोस. ग्लाफिरा गावी परत गेली होती. ती फोन करायची नाही. तैसियानंच एकदा केला, तर म्हणाली की फोटो अजून भिंतीवर नाही, तिथं फिकट चौकोन दिसतो, मी त्या रस्त्यानं जात नाही. तैसियाचा स्वतःच्या हिशोबावर विश्वास होता, पण रात्री पडल्या पडल्या मनात यायचं की कागद नाहीच मिळाला तर? इस्पितळंच्या इस्पितळं जळाली होती त्या युद्धात.

ऑगस्टच्या शेवटी लिफाफा आला. तैसियानं तो उभ्यानंच फोडला. सैनिक रोगोव निकान्द्र, त्रेचाळीसचा जानेवारी, सुरुंगाची स्फोटक टोपी हातात फुटून डाव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. बरा होऊन आपल्या तुकडीत परत. तारा त्याला मिळाला होता ऑगस्टमध्ये.

तिनं ग्लाफिराला फोन लावला आणि कागद जसाच्या तसा वाचून दाखवला.

"तुमचे वडील तुमचेच होते," तैसिया म्हणाली. "निकान्द्र रोगोव. दुसरं कुणी नाही. कागद मी स्वतः तुमच्या गावात घेऊन येते, बघू कोण काय बोलतो."

आता मात्र ग्लाफिरा रडली, मोठमोठ्यानं, आणि तैसिया फोन कानाला लावून तिचं रडणं संपेपर्यंत थांबली.

मग जाखारला. "दगड बदल. साव्वा द्रोनोव."

"मावशी, तूच म्हणाली होतीस की आकडा खोटं बोलत नाही."

"नाहीच बोलत. आकडा बरोबर होता. छाती चुकली. आणि चुकले मी, हेही लिहून ठेव, पुन्हा ऐकायला मिळणार नाही."

साव्वाची मुलगी शोधायला तैसियाला एक आठवडाही लागला नाही. अन्तोनीना साव्विच्ना, पंचाहत्तरीची, व्यात्काकडच्या एका खेड्यात एकटी राहणारी. फोनवर आधी तिला वाटलं की कुणीतरी औषधं विकतंय.

सप्टेंबरमध्ये साव्वाला माती दिली. नवा दगड, बंदुकांची सलामी, पाद्री, जाखारची सगळी पोरं नव्या शर्टात. अन्तोनीना लहानखुरी, ढगळ कोटात बुडालेली. तिनं शवपेटीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. ग्लाफिरानं रुमालातला तारा तिच्या हाती दिला. जाखारनं हाडांवरचा तारा साफ करून आणला होता, तो ग्लाफिराला दिला. दोघींनी आपापला तारा उलटा करून आकडा वाचला. मग ग्लाफिरानं तिला डब्याची गोष्ट सांगितली, आणि म्हणाली की माझ्या वडिलांनी हा तुमच्यासाठी जपून ठेवला होता, तुमचा पत्ता त्यांना माहीत नव्हता. अन्तोनीनानं मान हलवली. तिच्या आईला पेन्शन मिळाली नव्हती, बेपत्ता म्हणजे शत्रूला जाऊन मिळालेला असंच धरायचे तेव्हा, आणि शाळेत पोरं तिला काय म्हणायची ते तिनं सांगितलं नाही.

दफन झाल्यावर अन्तोनीना म्हणाली की मला देवळात जायचंय. तैसिया देवळाच्या वाटेला जाणारी नव्हे, पण गेली. दाराशी मेणबत्त्या विकणारी बाई, आणि तिच्यासमोर नावं लिहायच्या दोन प्रकारच्या चिठ्ठ्या: लाल मथळ्याची जिवंतांच्या आरोग्यासाठी, काळ्या मथळ्याची मेलेल्यांच्या शांतीसाठी. पाद्री ती नावं वेदीपाशी वाचतो. चिठ्ठीवर आडनाव चालत नाही, आकडा तर नाहीच, फक्त नाव.

"आई मरेपर्यंत बाबांचं नाव लाल चिठ्ठीवर लिहायची," अन्तोनीना म्हणाली. "बेपत्ता होता ना. मेला असं लिहून आपणच मारायचा की काय? आई गेली, मग मी लिहायला लागले. आमच्याकडची मेणबत्तीवाली विचारायची, तुझा साव्वा किती वर्षांचा? मी म्हणायची, शंभर झाली. ती हसायची. मी तरी काय करणार?"

तिनं काळी चिठ्ठी ओढली. वर क्रूस काढला, आणि खाली सावकाश, एकेक अक्षर दाबून, लिहिलं: साव्वा. लिहून झाल्यावर ती त्या नावाकडे बघत राहिली आणि तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. तिनं ते पुसलं नाही.

पेन तिनं ग्लाफिरापुढे केलं. ग्लाफिरा ते घेईना.

"वसंतापासून मी वडिलांचं नाव लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "दर रविवारी जायची, चिठ्ठी घ्यायची, आणि हात चालायचा नाही. निकान्द्र लिहू, तर तो निकान्द्र नव्हताच म्हणतात. मग मी प्रार्थना कुणासाठी करायची? मे, जून, जुलै, ऑगस्ट. माझे वडील नावाशिवाय राहिले."

ते चार महिने तिच्यामुळे गेले होते. तिनं ग्लाफिराच्या पाठीवर हात ठेवला.

अन्तोनीनानं आपली चिठ्ठी ग्लाफिराकडे सरकवली आणि साव्वाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथंच लिही. एका डब्यातून प्यायले होते ना."

ग्लाफिरानं पेन घेतलं आणि लिहिलं: निकान्द्र.